खोडदची वजाबाकी

आमची विहीर आठ परस खोल आहे. परस म्हणजे पुरुषभर खोली, विहिरी मोजायचं आमच्याकडचं जुनं माप. आप्पा, म्हणजे माझे वडील, जून १९९६ पासून दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीत पाणी किती आहे ते वहीत लिहून ठेवतात. त्या वर्षी द्राक्षबाग लावायची की टोमॅटो-कांद्यावरच राहायचं हे ठरवायचं होतं, आणि बागेला बारमाही पाणी पुरेल का हे खात्रीने सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून वही घातली. बाग लावली, दोनदा मोडली, पुन्हा लावली. वहीत मात्र खंड पडला नाही. आता चार वह्या झाल्या आहेत. चौथीला शाळेचं खाकी कव्हर आहे, ते मी घातलेलं.

विहिरीच्या काठावर उभं राहिलं की उसापलीकडे एक छत्री दिसते. छत्री हा आमच्या घरातला शब्द. ती जीएमआरटीच्या, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या, ३० अँटेनांपैकी एक आहे. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ खोडद गावाजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या आवारात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या आसपासच्या गावांत पसरल्या आहेत. त्यामुळे कुणाच्या रानाच्या बांधाला, कुणाच्या खळ्यामागे एकेक छत्री उभी आहे. सगळ्यात लांबच्या दोघींमधलं अंतर २५ किलोमीटर. त्या वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या असल्या तरी बघतात एकाच दिशेला. लहानपणी शाळेतून येताना आमची छत्री कुठे वळली आहे ते बघून मी लांबच्या दुसरीकडे बघायची. तीही तशीच वळलेली असायची. तेव्हाचा तो आनंद अजून गेलेला नाही.

या छत्र्यांना भरीव पत्रा नाही. बारीक तारांची जाळी आहे, आणि तिला आकार देण्यासाठी मागून दोर ताणले आहेत, सुंभाची बाज ताणून विणावी तसे. जाळीतून वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. १९८४ च्या सुमारास त्यांच्या डोक्यात ही दुर्बीण आली, आणि रेडिओ गोंगाट कमी असलेली, डोंगरांच्या आडोशाची जागा शोधत ती आमच्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात आली. त्याआधी त्यांनी कल्याणला छोट्या तबकड्यांची एक दुर्बीण उभारली होती आणि उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुसरी. सप्टेंबर २०२० मध्ये ते गेले. त्या वर्षी माणसं जमण्याची सोय नव्हती, म्हणून मी वर्गाच्या ऑनलाइन तासाला त्यांच्याबद्दल बोलले. पडद्यावर सगळ्या मुलांचे कॅमेरे बंद होते.

वारा फार वाढला की सगळ्या छत्र्या तोंड वर करून थांबवतात. आप्पा ते बघून आईला वाळवण आत घ्यायला सांगायचे. आमच्यासाठी कितीतरी वर्षं दुर्बिणीचा उपयोग एवढाच होता.

२९ जून २०२३ ला आषाढी एकादशी होती. पाऊस उशिरा आला होता. पुण्याकडे मान्सून पोचला तो २५ जूनच्या आसपास. घरात साबुदाण्याची खिचडी, टीव्हीवर पंढरपूर. सकाळीच फोनवर बातम्या यायला लागल्या. अमेरिका, युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं होतं की सगळ्या विश्वात भरून राहिलेल्या, अतिशय मंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा हाती येतो आहे. युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणींच्या नोंदींबरोबर आमच्या खोडदच्या नोंदी होत्या.

आप्पांनी विचारलं, "काय घावलं मंग खोडदला?"

मी नारायणगावजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी मी जे उत्तर दिलं त्यात लहरी होत्या, कृष्णविवरं होती आणि विश्वाची गुणगुण होती. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण त्यांना कळलं कसं?" ते मला नीट सांगता आलं नाही. पुढे बरंच वाचलं, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला मुलांना घेऊन गेल्यावर तिथल्या लोकांना खोदून खोदून विचारलं, आणि हळूहळू लक्षात आलं की आप्पांचाच प्रश्न खरा होता. काय सापडलं ते दोन ओळींत सांगून होतं. कसं कळलं, ते फार सुंदर आहे.

एखादा मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो तेव्हा कधीकधी मागे न्यूट्रॉन तारा उरतो. वजनाला सूर्याहून भारी आणि आकाराने जुन्नर तालुक्यात मावेल एवढा. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि त्याच्यातून निघणारा रेडिओ झोत दर फेरीला एकदा आपल्या अंगावरून जातो. इथे बसून आपल्याला एकामागून एक ठोके लागतात. हाच स्पंदक, पल्सार. पहिला स्पंदक १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या पीएचडी करणाऱ्या मुलीला सापडला. त्यांची दुर्बीण दिवसाला सुमारे शंभर फूट कागदावर रेघोट्या ओढायची आणि ते कागद ती डोळ्यांनी तपासायची. त्यात पाव इंचभर जागेत एक खरबरीत खूण दिसली. ती ताऱ्याची वाटेना आणि माणसांनी केलेल्या गोंगाटाचीही वाटेना. तिने ती सोडून दिली नाही. जास्त वेगाने कागद चालवून पाहिलं तर दर १.३३ सेकंदाला एक ठोका. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचा एक मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा तिने ती सगळी रक्कम भौतिकशास्त्रात ज्यांना सहज वाट मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली. आठवीच्या मुलींना मी हे दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी सांगताना आवाज जरा जड होतो.

१९८२ मध्ये याहून फार वेगवान स्पंदक सापडला, सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा. तो शोधणाऱ्यांत बर्कलीला शिकणारे श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्म कुरुंदवाडचा, नरसोबावाडीच्या पलीकडच्या काठावरचा. असे मिलिसेकंद स्पंदक इतके नियमित ठोके देतात की त्यांची तुलना आपल्या अणुघड्याळांशी करता येते. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्यांना हेच हवं होतं.

गुरुत्वीय लहर जाते तेव्हा मधली जागाच एका दिशेने ताणली जाते आणि आडव्या दिशेने आक्रसते. मग स्पंदकाचा ठोका ठरल्या वेळेपेक्षा किंचित आधी किंवा किंचित उशिरा येतो. किंचित म्हणजे किती? वर्षानुवर्षं पाहिल्यावर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने, म्हणजे अशा लहरी टिपणाऱ्या यंत्रणेने, जी पहिली लहर टिपली ती सेकंदाचा पाचवा भाग टिकली होती, दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतानाची. (तसाच लायगो आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभा राहतो आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याला २,६०० कोटी रुपये मंजूर केले.) स्पंदकांवरून शोधतात त्या लहरी मात्र इतक्या लांब आहेत की एक लाट जायला काही वर्षं, कधी दशकं लागतात. विहिरीत खडा टाकल्यावर उठतो तो तरंग लायगोचा. एका उन्हाळ्याकडून दुसऱ्या उन्हाळ्याकडे जाताना पाण्याची पातळी खाली-वर होते ती या लहरींची जात. ती काठावर तासभर उभं राहून दिसत नाही. त्याला वही लागते.

दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या मध्यातली प्रचंड कृष्णविवरं, कोट्यवधी ते अब्जावधी सूर्यांच्या वजनाची, एकमेकांभोवती फिरू लागतात. अशा असंख्य जोड्यांच्या लहरी मिळून ही पार्श्वभूमी तयार होत असावी, असा बहुतेकांचा अंदाज आहे. लहरी विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातून आल्या असतील ही शक्यताही कुणी मोडीत काढलेली नाही.

आता खरं काम. ठोका उशिरा आला तर तो का आला?

पृथ्वी फिरते म्हणून. पृथ्वी सूर्याभोवती जाते म्हणून. त्यामुळे सगळ्या वेळा पृथ्वीऐवजी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन मोजाव्या लागतात, आणि तो मध्य कुठे आहे हे गुरूची कक्षा किती अचूक माहीत आहे यावर ठरतं. गुरूच्या कक्षेत बारीकशी चूक राहिली तरी ती लहरीसारखी दिसू शकते. २०२० मध्ये अमेरिकी गटाने तो मध्य शंभर मीटरच्या आत नक्की केला. एवढ्या सूर्यमालेत शंभर मीटर! आमच्या घरापासून विहिरीपर्यंत तेवढं अंतर आहे. शिवाय स्पंदक स्वतः हळूहळू मंदावतो, पुष्कळदा त्याच्याभोवती दुसरा तारा फिरत असतो, दुर्बिणीवरची यंत्रं बदलतात आणि त्यांच्याबरोबर नोंदींत एक पायरी येते. या पायरीला ते जंपच म्हणतात. हे सगळं एकेक करून मोजायचं आणि वजा करायचं.

खोडदचं काम या वजाबाकीतलं आहे, आणि हे समजलं तेव्हा मला ती एकादशीची बातमी नव्याने कळली. स्पंदकापासून आपल्यापर्यंतची जागा रिकामी नाही. तिथे विरळ इलेक्ट्रॉन आहेत आणि त्यांच्यातून येताना कमी वारंवारतेच्या लहरी जास्त रेंगाळतात. दोन माणसं एकाच वेळी निघाली, एक डांबरी रस्त्याने आणि दुसरा नांगरलेल्या रानातून, तर दुसऱ्याला किती उशीर झाला यावरून रान किती ओलं होतं ते सांगता येतं. रान आज ओलं, उद्या वाळलेलं. तारेही सरकतात, आपणही सरकतो, म्हणून हा उशीर सतत बदलत राहतो. तो नीट मोजायचा तर नांगरलेल्या रानातून येणाऱ्याचीच वेळ बघायला हवी, आणि जीएमआरटी नेमकी त्या कमी वारंवारतांवर उत्तम ऐकते. भारतीय गट तिच्यावर एकाच वेळी दोन पट्ट्यांत नोंदी घेतो, साधारण ३०० ते ५०० मेगाहर्ट्झ आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ. त्यातून वाटेतलं धुकं किती होतं ते कळतं आणि ते वजा करता येतं. २०२५ मध्ये या गटाने २७ स्पंदकांची सुमारे सात वर्षांची मोजमापं सगळ्यांसाठी खुली केली. त्या मोजमापांना कुठल्या वर्तमानपत्रात मोठा मथळा मिळालेला मी पाहिला नाही. मला ती फार मोलाची वाटतात.

या वजाबाकीचं मोल मला कळतं, कारण ती मी एकदा चुकलेली आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात शाळा बंद होत्या. मी आप्पांच्या वह्या संगणकावर उतरवायला घेतल्या. २५ वर्षं, ३०० नोंदी. पहिल्या नऊ-दहा वर्षांच्या नोंदी विहिरीच्या बांधकामाचे थर मोजून अंदाजाने केलेल्या, 'पाणी अडीच परस, गढूळ' अशा. २००५ नंतर गाठी मारलेला दोर आला. त्याला खाली दगड बांधायचा, तळाला टेकवायचा, वर ओढून भिजलेल्या भागाच्या गाठी मोजायच्या. मग नोंदी 'दोन परस, एक हात, चार बोटं' अशा व्हायला लागल्या. आलेख काढला तर पावसाळ्यानंतर पाणी उतरत जातं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम चढतं. तेही जवळजवळ दर वर्षी. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर! मला वाटलं खडकात कुठेतरी लांबून येणारा झरा आहे, सह्याद्रीत पडलेला पाऊस भेगांमधून सहा-आठ महिन्यांनी आमच्या विहिरीत पोचत असेल. रात्री बारापर्यंत बसून मी कागद मांडला, आकडेमोड केली, अंतर आणि वेळ जुळतंय असंही मला दिसलं. सकाळी आप्पांना सांगितलं.

"अगं, कालव्याला आवर्तन सुटतं तवा," आप्पा म्हणाले.

कुकडीच्या कालव्याला पाणी सोडतात तेव्हा आसपासच्या विहिरींचा पाझर वाढतो. हे मला माहीत होतं. कालवा माझ्या रोजच्या वाटेवर आहे. पण आलेख बघताना मी कालवा विसरले होते.

पुढे वाचनात एक घटना आली आणि मी ती कधीच विसरणार नाही. जुलै १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्पंदकाभोवती ग्रह फिरत असल्याचं जाहीर केलं. सूर्यमालेबाहेरचा ग्रह! त्याची एक फेरी सहा महिन्यांची होती. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाला खगोलशास्त्रज्ञांची मोठी सभा होती, तिथे लाइन यांना याच ग्रहावर बोलायचं होतं. त्याआधी काही दिवस त्यांच्या लक्षात आलं की वेळा दुरुस्त करताना पृथ्वीच्या कक्षेचा लंबगोलपणा नीट धरला गेला नव्हता. सहा महिन्यांची ती फेरी आपल्याच पृथ्वीची सावली होती. ग्रह नव्हताच. लाइन सभेत उभे राहिले आणि सगळ्यांसमोर ते सांगितलं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. आणि त्याच सभेत लगेच पुढे अलेक्झांडर वोल्श्टान यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवतीचे ग्रह मांडले. ते खरे होते, आजही खरे आहेत.

मी हा प्रसंग दहावीच्या वर्गात सांगितला तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, चूक कबूल केली म्हणून टाळ्या?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता.

आवर्तनाच्या तारखा मिळवून मी त्या आलेखातून काढल्या. मग पावसाचे आकडे. मग आमच्याच मोटारीचे तास. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण आमच्याकडे शेतीला लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की उसात बिबट्या आहे म्हणून माणसं मोटार चालू करायला जायला धजत नाहीत. मग शेजारच्या रानात २०१२ ला झालेली बोअर. एकेक काढत गेल्यावर शेवटी उरली एक सावकाश उतरणारी रेघ. मे महिन्यातलं पाणी २५ वर्षांत सव्वा परस खाली गेलेलं. आणि २०१३ च्या आसपास एक छोटी पायरी, चार बोटांची, जिचं कारण मला काही केल्या सापडेना.

पण ही रेघ जमिनीखालच्या पाण्याची की फक्त आमच्या विहिरीची? आमच्याच विहिरीत गाळ भरला असेल, आमचाच एखादा झरा बुजला असेल. एका विहिरीवरून ते कळत नाही. स्पंदकांचंही असंच आहे. एकाच स्पंदकाचे ठोके हळूहळू भरकटत असतील तर तो त्याचाच स्वभाव असू शकतो. म्हणून जोड्या लागतात. १९८३ मध्ये रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी दाखवून दिलं की सगळीकडून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींमुळे दोन स्पंदकांच्या चुका एकमेकींशी किती जुळतील ते त्यांच्यामधल्या कोनावर ठरतं. आकाशात जवळ असलेले दोघे एकदमच उशिरा किंवा एकदमच लवकर येतात. काटकोनाच्या आसपास असले तर उलटे. समोरासमोर असले तर पुन्हा काहीसे जुळतात. हा वाकडा आलेख दुसऱ्या कशानेही तयार होत नाही. घड्याळ चुकलं तर सगळे स्पंदक सारखेच चुकतील, गुरूची कक्षा चुकली तर वेगळाच आकार येईल. म्हणजे वजाबाकीत काही राहून गेलं असेल तर ते इथे उघडं पडतं. अमेरिकी गटाकडे ६७ स्पंदक होते, म्हणजे २,२११ जोड्या. युरोप आणि भारताकडे २५, म्हणजे ३०० जोड्या. माझ्या ३०० नोंदींएवढ्याच. आकडा सारखा निघाला त्याचा काही अर्थ नाही हे मला कळतं, तरी त्या रात्री तो बघून मला बरं वाटलं.

युरोप आणि भारताच्या निकालातली एक गोष्ट तर मी आप्पांना आवर्जून सांगितली. त्यांच्याकडे जवळजवळ २५ वर्षांच्या नोंदी होत्या, म्हणजे सगळ्या धरल्या तर पुरावा जास्त भक्कम व्हायला हवा. झालं उलटं. जुन्या यंत्रांच्या नोंदी ढोबळ होत्या. फक्त अलीकडची, नव्या यंत्रांची सुमारे १०.३ वर्षं घेतली तेव्हा तो वाकडा आलेख जास्त स्पष्ट दिसला. त्यांनी दोन्ही निकाल छापले. आप्पांना हे फार आवडलं. "म्हंजे माझी पहिली वही कच्चीच," ते म्हणाले, आणि जरा वेळाने, "पण फाडली तर न्हाई ना त्यांनी?" नाही, फाडली नाही. पुढेमागे तिच्यातली ढोबळता नीट कळली तर तीही कामाला येईल.

आणि एवढं करूनही ते शोध लागला असं म्हणत नाहीत. पुरावा म्हणतात. त्यांचं गणित सांगतं की जे दिसलं ते निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एखादी. आपल्याला हे पुष्कळ वाटतं. त्यांना पस्तीस लाखांत एक हवी असते. त्या एकादशीला फोनवर आलेल्या कितीतरी मजकुरांत 'शोध लागला', 'ऐकू आलं' असंच होतं, आणि ते मीही पुढे पाठवलं होतं. आता मुलांना सांगताना मी पुरावा हाच शब्द वापरते. सगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून पुन्हा हिशेब मांडायचं काम चालू आहे.

खोडदने इतर कितीतरी गोष्टी ऐकल्या. १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापारेली यानाचा क्षीण आवाज आमच्या छत्र्यांनी टिपला होता, आणि उतरण्याच्या जरा आधी तो बंद पडला तेही इथेच कळलं. जानेवारी २०२३ मध्ये एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण जाहीर झाली. निघताना २१ सेंटिमीटर लांबीची असलेली ती लहर विश्व प्रसरण पावत असल्याने ४८ सेंटिमीटर होऊन इथे पोचली, ८८० कोटी वर्षांनी.

हे ऐकायचं तर आसपास शांतता हवी. आवारात जाताना फोन बंद करावा लागतो. ठिणगी पडली तरी ती गोंगाट करते, म्हणून मोठ्या उद्योगांना परिसरात बंधनं आहेत. आणि आता रेल्वे. नाशिक-पुणे रेल्वेचा नारायणगाववरून आखलेला मार्ग दुर्बिणीला बाधा येईल म्हणून सोडावा लागत असल्याचं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं तेव्हा आमच्या बाजारपेठेत फार निराशा पसरली. टोमॅटोचा क्रेट घेऊन पहाटे तीनला टेम्पोची वाट बघणाऱ्या माणसाला गाडीची गरज किती आहे हे मी घरातच पाहिलं आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना पुण्याला शिकायला जायचं असतं, त्यांनाही गाडी हवी. आणि दुर्बीणही माझी आहे. दोन्ही माझ्या गावाला मिळावं, त्यासाठी अभियंते आणि शास्त्रज्ञांनी एका टेबलावर बसून जमेल तेवढं डोकं लावावं, असं मला मनापासून वाटतं. दुर्बिणीला शिव्या देणाऱ्या माझ्या चुलतभावाशी मी भांडत नाही. त्याला मी एकदा विज्ञान दिनाला बरोबर नेलं होतं. येताना त्याने विचारलं, "मग हे लोक आपल्या गावात येऊन असं सांगत का नाहीत?" प्रश्न बरोबर होता.

गेल्या जूनपासून नववीच्या वर्गातली मुलं आपापल्या विहिरी मोजतात. अकरा विहिरी, दर महिन्याच्या एक तारखेला. मी सगळ्यांना एकाच दुकानातला नायलॉनचा दोर आणला, सगळ्यांच्या गाठी एका मापाच्या मारल्या. पहिल्या महिन्याचे आकडे आले तेव्हा मुलं आमच्या विहिरीवर आली होती, आप्पांना बघायला. आप्पांनी सगळ्यांचे दोर हातात घेऊन पाहिले, ताणून बघितले.

एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुमचा पण असाच आहे?"

"आता असाच. आधी अंबाडीचा व्हता. मीच वळलेला."

मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, तो भिजला की आखडायचा बरं का. गाठी जवळ यायच्या. पाणी हाय त्याहून जास्त दिसायचं. तुझ्या त्या हिशेबात धरलंय ना तू?"

मी विचारलं, "आप्पा, नायलॉनचा दोर कधी आणला तुम्ही?"

"तुझा भाऊ कामाला लागला त्या सालाला."

भाऊ २०१३ ला लागला. चार बोटांची पायरी. म्हणजे त्याआधीच्या आठ वर्षांचं पाणी वहीत दिसतं त्याहून कमीच होतं, आणि माझी सव्वा परसाची उतरण सव्वा परस नाही.

मुलं विहिरीत वाकून बघत होती. मी घरात जाऊन संगणक उघडला आणि २००५ च्या ओळीपाशी गेले.